दलदलीतला ड्रॅगन

"डोळे मिटा म्हटलं ना!"

डोळ्यांच्या दवाखान्यात औषधाचे थेंब घालायचं काम तिचं. दुसऱ्यांदा थेंब घालून झाले, तरी हा तरुण मोबाईल नाकाशी धरून बसलेला.

"एकच चाल, मॅडम. वेळ संपत आलीय. नाही खेळलो तर राजधानी जाईल."

तिची नजर पडद्यावर गेली... आणि हातातली बाटली हातातच राहिली. षटकोनी घरांचा नकाशा, राजधानीचा काळा किल्ला, ड्रॅगन. हा खेळ काढणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. खेळणाऱ्या शंभरेक जणांनीच तो आपापल्या संगणकांवर जिवंत ठेवला होता. एकाने चाल करायची, मग दुसऱ्याने. एका चालीला एक दिवस. आणि त्या किल्ल्याला वेढा घालून बसलेलं सैन्य — तिचंच!

म्हणजे हा 'कासव'? रोज चालीसोबत चिमटे काढणारे निरोप धाडणारा?

"समोर कोण आहे?" तिने जमेल तितक्या सहज विचारलं.

"घुबड नावाची एक बया. महाबिलंदर!" तो हसला. मग आवाज उतरला. "हरायचं दुःख नाही हो. पण राजधानी पडली की हरणारा बाहेर... निरोपही बंद. तिच्याशी भांडल्याशिवाय माझा दिवस जात नाही."

त्याने बोट टेकवलं. थेंबांनी जवळचं सगळं धूसर झालेलं. ड्रॅगन वेशीवर जायचा तो शेजारच्या दलदलीत जाऊन बसला. वेस उघडी!

तिच्या खिशातला फोन थरथरला. आता चाल तिची.

किल्ला घ्यावा, तर हा जाणार. मुद्दाम सोडावा, तर याला कळणार. कासव इतका भोळा नव्हता. बोट चुकून भलत्या घरावर पडलं तर समोरच्याने चाल परत द्यायची, अशी या खेळाडूंची रीत होती. पण ते चुकून पडलं हे घुबडाला कसं कळलं, हे सांगायचं तर आपण कोण तेही सांगावं लागणार.

भिंतीकडे तोंड करून तिने भराभर काहीतरी लिहिलं. त्याचा फोन वाजला.

"मॅडम, जरा वाचता? मला नुसत्या मुंग्या दिसतायत."

तिने त्याचा फोन हातात घेतला.

"'चाल परत घे, कासवा. ड्रॅगन दलदलीत पडलाय... तुझ्या डोळ्यांत थेंब मीच घातलेत.'"

त्याने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं.

"परत नको," तो म्हणाला. "घे किल्ला. दया दाखवलीस, तर जन्मभर ऐकवशील."

"जन्मभर...?"

तो गोरामोरा झाला. "म्हणजे... तुझं काम कधी संपतं?"

"अजून चार पेशंट आहेत."

"थांबतो. तसंही या डोळ्यांनी मी जाणार कुठे?"

तिने ओठांवरचं हसू दाबलं आणि किल्ला घेतला.