शेवटच्या वाफ्याचं पानी

चुलीच्या राखंत बापाच्या गोळ्या सापडल्या अन् माहेरी आलेल्या कलाबाईनं असा टाहो फोडला की भागिरथीच्या हातातली परात खाली पडली!

"बापाला मारायला निघाली रं ही, मच्छिंद्रा! बघ तुझी बायकू!"

भागिरथीनं वाकून परात उचलली. एकाहत्तरच्या संक्रांतीला सासऱ्याच्या, रंभाजीच्या, अर्ध्या अंगावरनं वारं गेलं, तवापासून त्याचं हागनं-मुतनं तिनंच काढलं, सख्ख्या भावाच्या हळदीला बी गेली न्हाई! अन् ननंद सनासुदीला येनार, उशाशी बसून रडनार, तिचंच समद्यांना खरं वाटनार!

सोनईच्या डाक्टरनं नसा रुंद करायच्या गोळ्या दिल्या हुत्या. गोळी पोटात गेली की म्हाताऱ्याचं तोंड लालबुंद व्हायचं, अन् घरदार खूश... रक्त डोक्यात चढलं म्हनून! पन भागिरथी बघायची. गोळीआधी तो "पानी" म्हनायचा, "भागे" म्हनायचा. गोळीनंतर जीभ जड, नजर सुटलेली, बसवलं की कलंडायचा. मंग तिनं गोळ्या चुलीत टाकल्या...

मच्छिंद्र सायकल हानत गेला अन् डाक्टरलाच घेऊन आला. "तुझा न्याय ह्यांच्याच म्होरं हूं दे! मंग माहेरची वाट धर!"

तवर कलाबाईनं बापाला पुडीतली उरलेली गोळी चारलीच हुती. "बघा, कसं तेज आलं!" म्हनत तिनं त्याला उठवून बसवलं, अन् म्हाताऱ्याचे डोळे फिरले!

"दारं... दारं..."

"ऐकलं का? हिला दाराबाहेर काढा म्हनतोय!"

भागिरथीचं काळीज फाटलं... तरी तिनं धावत जाऊन त्याला आडवं केलं, उशी काढली. "मामंजी, पान्याचं दारं म्हनता व्हय?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. डोळ्यांतनं धारा!

"वन्सं, मामंजींनी अन् मी मिळून गव्हाला दारं धरलंय, पाटाचं पानी वाफ्यावाफ्यात सोडलंय. समदे वाफे येकदम फोडले, तर शेवटच्याला पानी पोचतं का? गोळीनं रगताचं बी तसंच हुतंय!"

डाक्टरनं रक्तदाब मोजला. परत मोजला.

"बरोबर आहे. गोळीनं अंगभरच्या नसा सैल पडल्या, दाब उतरला. मेंदूच्या चांगल्या भागातल्या नसा रुंद होतात, रक्त तिकडंच वळतं. दुखऱ्या भागातल्या नसा आधीच होतील तेवढ्या सैल झालेल्या, त्याला होतं तेही कमी पडतं. काहींना असं होतं. गोळी बंद!" मंग तो भागिरथीवर खेकसला, "पण मला सांगायचं की! राखेत कशाला टाकता?"

"यांना सांगितलं हुतं. म्हनले, तू डाक्टर हायेस का?"

कलाबाईनं पदर तोंडात कोंबला. मच्छिंद्र खांबाला धरून हुबा.

सासऱ्याचं तोंड पुसता पुसता, वर न बघताच भागिरथी म्हनली, "मामंजींची वाचा लुळी पडली. तुमची तर धड हाय ना? मंग बोला की!"

तो मटकन खाली बसला. "चुकलो गं..."

"मोठ्यानं म्हना. त्यांना ऐकू जाऊ द्या."

"चुकलो, भागिरथे!" बापाच्या पायावर डोकं ठेवून मच्छिंद्र ढसाढसा रडला.

रंभाजीचा धड हात वर झाला... अन् लेकाच्या न्हाई, सुनंच्या डोक्यावर जाऊन टेकला!