प्लायमागून तीन ठोके

ही घटना खरी आहे. तारखा तपासल्या आहेत, हयात माणसांना भेटून झालं आहे. फक्त नावं बदलली आहेत.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. १८ जानेवारी १९९१, दुपारचे अडीच. सुरतेतलं कापडयंत्रांचं प्रदर्शन, पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी.

गजेंद्र तेव्हा लिंबायतला राहायचा. घरचे सगळे पॉवरलूमवर कामाला, पण याची जीभ चालायची. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांत. म्हणून भाईदासशेठने त्याच्या हातात माईक दिला.

शेठचा धंदा कॉम्प्युटर विकण्याचा. गर्दी जमवायला त्याने मुंबईच्या एका ऑफिसने मोडीत काढलेला जुना मेनफ्रेम आणला होता. कपाटाएवढ्या चार पेट्या, गरगरणाऱ्या टेपच्या चकत्या, लुकलुकणारे दिवे. जन्मतारीख सांगा, कॉम्प्युटर वार सांगेल, किती दिवस जगलात तेही सांगेल. लोक रांगा लावायचे.

खरं म्हणजे तो मेनफ्रेम ट्रकमध्येच मेला होता.

दिवे आणि चकत्या तेवढ्या चालायच्या. बाकी सगळं काम प्लायवूडच्या भिंतीमागे बसलेला दत्तू करायचा. गजेंद्र माईकवर तारीख मोठ्याने म्हणायचा. दत्तू ती आतल्या छोट्या कॉम्प्युटरवर टाकायचा. बाहेर प्रिंटर कडकडाट करत कागद फेकायचा.

दोघांची खूण ठरलेली होती. प्लायवर एक ठोका म्हणजे तयार. दोन म्हणजे कागद अडकला. तीन म्हणजे थांबव.

त्या दिवशी सकाळीच दत्तू कुरकुरत होता.

"गजूभाऊ, आत नुसती भट्टी हाय. अन् कॉम्प्युटरच्या लोखंडी रॅकला हात लागला की झिणझिण्या येत्यात."

"कॉम्प्युटरला घाम येत नसतो, दत्तू. गप बस."

"तुमचं काय, पावडर लावून हुभं ऱ्हायाचं. काम मी करायचं अन् टाळ्या तुम्हाला."

तरी गजेंद्रने शेठच्या कानावर घातलं. अर्थिंग द्यायला खड्डा खणावा लागला असता, अर्धा दिवस गेला असता. शेठ म्हणाला, "चप्पल पहेरीने बेस ने, भाई. चार दिवसनुं तो काम छे."

अडीच वाजता खरेदीला आलेली एक मोठी पार्टी समोर उभी होती. गजेंद्रने तारीख पुकारली...

ठक. ठक. ठक.

त्याने ऐकले. स्पष्ट ऐकले.

त्याने शेठकडे पाहिलं. शेठने मान हलवली, चालू ठेव. गजेंद्रने माईकचा आवाज वाढवला आणि हसत म्हणाला, "कॉम्प्युटर सोच रहा है!"

गर्दी हसली.

पुन्हा तीन ठोके. मग आणखी तीन, हळू.

मग काहीच नाही.

दार उघडलं ते अकरा मिनिटांनी. दत्तू रॅकला चिकटलेला होता.

पोलिसांनी विचारलं तेव्हा गजेंद्र म्हणाला, "गोंगाटात काही ऐकू आलं नाही." शेठनेही तेच सांगितलं. प्रकरण बंद झालं.

तेराव्या दिवसापासून सुरू झालं...

आधी घरातल्या कपाटावर. मग खाटेच्या फळीवर. मग जेवताना, ताटाखालच्या पाटावर. तीन ठोके, तसेच, सावकाश. बायको वर्षा प्रत्येक वेळी उठून दार उघडायची. कोणी नसायचं. तिला आवाजही यायचा नाही.

शेवटी ती म्हणाली, "अहो, ऐकू आलं तरी ऐकू नका. कितीही वाजू दे, वळून बघायचं नाही."

गजेंद्रने तेच केलं. वर्षभरात त्याला सवय झाली. ठोके पडायचे, हा बोलत राहायचा.

जानेवारी १९९२. प्रदर्शनाचं तेच मैदान, तोच मेनफ्रेम. या वेळी पंडित नावाच्या वायरमनने खड्डा खणून चोख अर्थिंग दिलं होतं. आत पंखाही होता. तरी प्लायमागे बसायला कोणी तयार होईना. शेठ चिडला.

"बधा डरपोक छे! हुं बेसीश."

आणि तो स्वतः आत गेला. आतून एक ठोका आला. तयार.

गजेंद्रने पहिली तारीख पुकारली...

ठक. ठक. ठक.

तीच लय. तसेच सावकाश.

दत्तू, आज नाही, असं मनात म्हणून त्याने वळून पाहिलं नाही. बोलत राहिला. आणि कागद आला. वार बरोबर. दुसरी तारीख, दुसरा कागद, तोही बरोबर. सात माणसं झाली. सातही उत्तरं चोख. टाळ्या पडल्या.

चहाला म्हणून पंडितने आतलं दार उघडलं.

भाईदासशेठ जमिनीवर पडला होता. दोन्ही मुठी फुटलेल्या. प्लायला आतून खळगे पडले होते, रक्ताने भरलेले. पंडितने पुढे ते मोजले. चाळीसच्या वर. ओरडून ओरडून घसा सुजला होता, असं डॉक्टर म्हणाले. विजेची खूण अंगावर कुठेच नव्हती. दाराला कडीसुद्धा नव्हती.

एवढं बडवणं समोरच्या गर्दीतल्या एकालाही ऐकू आलं नाही. गजेंद्रला आले ते फक्त तीन ठोके.

आणि डॉक्टरांच्या हिशेबाने शेठ पहिल्या दोन-तीन मिनिटांतच गेला होता.

मग पुढच्या तारखा आत कोण टाकत होतं?

दुसऱ्या दिवशी गजेंद्र सुरतेबाहेरच्या कोसाडला गेला. दत्तूची बायको कमल तिथे साड्यांना लेस लावायचं काम करायची. तो दारातच खाली बसला आणि एका दमात सगळं बोलून गेला. ठोके ऐकले होते. आवाज वाढवला होता. पोलिसांशी खोटं बोललो.

कमलचे पाय शिलाई मशीनवर चालतच राहिले.

"मला सांगून काय व्हायचं, गजूभाऊ? ज्या भोंग्यावर त्यांचा आवाज दाबला, त्याच भोंग्यावर सांगा. गर्दीत सांगा."

"लोक मारतील मला, वहिनी."

"मग मारू द्या."

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी त्याने गेटजवळचा माईक मागून घेतला. माईक चालू असल्याचा लाल दिवा लागलेला होता. त्याने दत्तूचं नाव घेतलं, तारीख सांगितली, तीन ठोके सांगितले. सांगताना तो रडत होता.

कोणी मान वळवली नाही.

माणसं समोरून चालली होती. पॉपकॉर्न खात, पिशव्या सांभाळत. माईकवाला त्याच्याकडे बघून म्हणाला, "अरे भाई, बोलो तो सही. नुसते ओठ काय हलवता?"

गजेंद्रने माईक त्याच्या हातात दिला.

"हॅलो, हॅलो," माईकवाला म्हणाला. आवाज मैदानाच्या पलीकडच्या भिंतीवर आदळून परत आला.

त्यानंतर गजेंद्रने पुष्कळांना सांगायचा प्रयत्न केला. बायकोला, पोलीस चौकीत, पंडितला. बाकी काहीही बोलला तरी लोकांना ऐकू येतं. भाजीचा भाव, पोरीचं लग्न, सगळं. फक्त हेच येत नाही. कोसाडच्या त्या दारात कमलने ऐकलं, तेवढंच. पुढे ती खोली सोडून गेली.

वर लिहिलेलं सगळं म्हणूनच त्याच्या हातच्या नऊ पानांवरून घेतलं आहे. ती पानं त्याच्या हातात परत देऊन मी विनंती केली, एकदा वाचून दाखवा, म्हणजे खात्री होईल.

त्याने चष्मा लावला. पहिलं पान धरलं.

खोलीत पंखा बंद होता. खिडकी लावलेली होती.

नऊ पानं संपेपर्यंत त्याचे ओठ हलत राहिले...