धोंडीचं खरं नाव

फेसबुकवर लोक मला 'छायाराणीचा दरबार' या नाटकाची सगळ्यात मोठी फॅन म्हणतात. सव्वा वर्षात बारा प्रयोग. सगळी तिकिटं जपून ठेवली आहेत, कोणाला शंका असेल तर फोटो टाकते.

मी फॅन नाही.

होते. आता मी ते नाटक बघायला जात नाही... ऐकायला जाते.

जे लिहितेय ते माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. यात ऐकीव असं काही नाही. गाव खरं आहे, माणसं खरी आहेत. फक्त माझं स्वतःचं नाव मी यात कुठेही लिहिणार नाही. का, ते शेवटी कळेल.

गेल्या वर्षीचा जानेवारी. तिसरा रविवार. उल्हासनगर कॅम्प तीन, बाजाराच्या मागचा एक हॉल. प्रयोग दुपारी चारचा. बाहेर लख्ख ऊन होतं आणि शेजारच्या गाळ्यातल्या जीन्स शिवायच्या मशीनी खडखडत होत्या. भुतं रात्रीचीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरा नीट वाचा.

आम्ही जांभूळ गावचे. माझ्यासोबत माझी चुलत बहीण होती, रुचिका. वय नऊ. शाळेच्या दाखल्यावर रुचिका, पण घरात, आळीत सगळे तिला धोंडी म्हणायचे.

त्याचं कारण आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

काकूची आधीची दोन बाळं वर्षाच्या आत गेली. रुचिका तिसरी. बाराव्या दिवशी तिला सुपात घालून शेजारच्या बनूबाईला 'विकली'. मूठभर तांदळाला. मग बनूबाईची पोर म्हणून काकूने आपल्याच घरात वाढवली आणि नाव ठेवलं धोंडी. धोंडा कोण उचलून नेणार? आमच्याकडे असं करतात. हसायचं तर हसा.

काकूने तिला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती. परक्या माणसाने नाव विचारलं तर धोंडीच सांगायचं. खरं नाव फक्त शाळेत.

तिने ती गोष्ट कधी मोडली नाही. मोडली ती मी.

नाटकाचं वेड मुळात माझं. आधी दोनदा बघितलं होतं. त्यातली छायाराणी सावल्यांच्या नगरीत राहते, तिला स्वतःची प्रजा नाही. दुसऱ्या अंकात ती रंगमंचाच्या टोकाशी येते आणि विचारते, "माझ्या नगरीत कोण येणार?" सगळा हॉल ओरडतो, "मी!" मग ती एकालाच वर बोलावते. नाव विचारते. नाव सांगितलं की मागचं काळं दार उघडतं, धूर येतो, तो माणूस आत जातो... आणि दोन मिनिटांनी प्रेक्षकांच्या पाठीमागच्या दारातून बाहेर येतो. टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतात लोक.

मला एकदा तरी त्या दारातून जायचं होतं. एकोणीस वर्षांची घोडी मी, पण खरंच सांगते, त्यासाठी मी पुढच्या रांगेचं तिकीट काढलं होतं. धोंडीला फक्त काकूने गळ्यात मारलं म्हणून आणलं होतं. येताना दोन रिक्षा बदलल्या आणि दोन्हींत तिने उलटी केली. माझ्या नव्या ओढणीवर.

माझी कॉलेजातली मैत्रीण राजसी अंबरनाथहून आली होती. तिच्यासमोर हे ध्यान घेऊन बसायची मला लाज वाटत होती.

मध्यंतरात धोंडीने वडा खाल्ला. लसणीची चटणी फ्रॉकवर सांडली. मी तिच्या पाठीत धपाटा घातला.

दुसरा अंक सुरू झाला. राणी पुढे आली.

"माझ्या नगरीत कोण येणार?"

मी उभी राहून ओरडले. राणीने माझ्याकडे बघितलं. अगदी माझ्याकडे. मग तिची नजर खाली सरकली... आणि तिने बोट धोंडीकडे केलं.

धोंडी ओरडलीसुद्धा नव्हती.

मला काय वाटलं ते सरळ लिहिते. मला तिचा राग आला. इतका, की तिला पायऱ्यांकडे ढकलताना मी तिच्या दंडाला चिमटा काढला.

ती वर गेली. फ्रॉकवर चटणीचा डाग, पायात एक बक्कल तुटलेली चप्पल.

"नाव काय तुझं, बाळा?" राणीने माइक तिच्या तोंडाशी धरला.

"धोंडी."

हॉल फुटला. काय हसले लोक! मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, ये तो पत्थर निकली!" राजसी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती.

मीसुद्धा हसले.

धोंडीने मला हसताना बघितलं.

राणी म्हणाली, "असलं नाव माझ्या दरबारात चालत नाही. खरं नाव सांग."

धोंडीने मान हलवली. तोंड घट्ट मिटून घेतलं. डोळे माझ्यावर. ताई, काहीतरी कर, असे डोळे.

आणि राजसी माझ्या कानात म्हणाली, "ए, तुमच्यात खरंच असली नावं ठेवतात काय गं?"

मी उभी राहिले आणि ओरडून सांगितलं, "तिचं खरं नाव रुचिका!"

माझ्या तोंडून ते नाव निघालं आणि...

शेजारच्या मशीनी थांबल्या.

लाइट गेली म्हणावं, तर रंगमंचावरचे दिवे चालू होते.

राणीने माइक खाली घेतला. नुसत्या ओठांनी म्हणाली, "रुचिका." मला ते माझ्या कानाशी ऐकू आलं.

काळं दार उघडलं. धूर आला. धोंडी आत गेली. जाताना तिने मागे वळून बघितलं नाही.

दोन मिनिटं झाली. तीन झाली. राणी ओरडली, "बघा, ती तुमच्या पाठीमागे!" सगळ्यांच्या माना वळल्या. मागच्या दारात, दिव्याच्या गोल उजेडात ती उभी होती. टाळ्या पडल्या.

ती चालत माझ्याजवळ आली. खुर्चीत बसली. मी तिच्याकडे बघितलं...

फ्रॉकवर डाग नव्हता.

मी वाकून तिचा वास घेतला. खोबरेल नाही, लसूण नाही, उलटीची आंबूस घाण नाही. कसलाच वास नाही.

"धोंडे," मी हाक मारली.

तिने ओ दिली नाही.

"रुचिका?"

"काय ताई?" ती म्हणाली आणि गोड हसली.

प्रयोग संपल्यावर मी मागच्या दाराकडे गेले. तिथे हरिचंद्र म्हणून एक डोअरकीपर बसतात, म्हातारे आहेत. त्यांना विचारलं, "काका, माझ्या बहिणीला दारातून तुम्हीच आत सोडलंत ना?"

ते आधीच घामाघूम झालेले. म्हणाले, "पोरी, खरं सांगू? आतून पोरगी घेऊन माणूस आलाच नाय. मी वाट बघत होतो. कडी माझ्या हातात होती... दार मी उघडलंच नाय."

परत जाताना दोन रिक्षा बदलल्या. तिला उलटी झाली नाही.

घरी आल्यावर सगळे खूश. पोरगी शहाण्यासारखी वागायला लागली. अंथरूण ओलं करणं बंद. दर महिन्याचा ताप बंद. परीक्षेत पहिली आली. काकू आळीत सांगत सुटली, नाटकानं माझ्या पोरीला गुण आला.

मी तीन महिने गप्प राहिले. पण नाटक मला सोडवेना. एप्रिलमध्ये अंबरनाथला प्रयोग लागला, तिथे एकटी गेले. मागच्या रांगेत बसले.

राणीने एका पोराला वर बोलावलं. "नाव काय तुझं, बाळा?"

पोरगा तोंड उघडणार... त्याच्या आधी काळ्या दाराच्या मागून बारीक आवाज आला.

"धोंडी."

शेजारच्या बाईला विचारलं, काही ऐकलं का? नाही म्हणाली. पोराने आपलं नाव सांगितलं, आत गेला, मागून आला. त्याच्या बुटाची नाडी सुटलेली होती तशीच होती. आईच्या कुशीत शिरून रडला. तो तोच होता.

पुढच्या प्रयोगाला गेले. पुन्हा तेच.

"नाव काय तुझं, बाळा?"

"...धोंडी."

दर वेळी. आईने शिकवलेलं नाव ती अजून इमानदारीत सांगत होती. आता ते कोणी ऐकून घेत नव्हतं.

एकदा मी काकूसमोर सगळं ओकून मोकळी झाले. ती तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्या कानाखाली वाजवली.

मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मना ठाव नाय असं वाटतं तुना? मी आय हाय तिची. पयल्याच रातीला समजलं मना."

"मग काकू, आपण तिला..."

"दोन पोरां पुरली मी. ही जेवते, चालते, मना आय म्हणते. आता परत तोंड उघडलंस तं उंबऱ्याच्या आत घेनार नाय."

आणि ती परत पाखडायला लागली.

म्हणजे धोंडीला परत आणायला या जगात मी एकटीच उरले होते.

गेल्या महिन्यात बदलापूरला बारावा प्रयोग बघितला. वेळ चारचीच. या वेळी मी पुढच्या रांगेत बसले होते. नाव मीच दिलं होतं, ते मीच परत घेणार. एवढंच ठरवून आले होते.

राणीने एका मुलीला वर बोलावलं. "नाव काय तुझं, बाळा?"

दाराच्या मागून आवाज आला. आता खूप बारीक झाला होता तो.

"धोंडी..."

मी उभी राहिले. जीव खाऊन ओरडले, "तिचं नाव धोंडीच आहे! मी खोटं सांगितलं होतं! तिला सोड!"

हॉल फुटला. काय हसले लोक. कोणी मोबाईल काढून माझा व्हिडिओ घ्यायला लागलं. रंगमंचावरची मुलगीही हसत होती.

मग सगळ्यांचा आवाज हळूहळू माझ्या कानातून गेला. हसणारी तोंडं दिसत होती... आवाज नाही.

फक्त दाराच्या मागून...

"ताई?"

"धोंडे! हो, मी ताई! ये बाळा, ये!"

मग,

"ताई, तू हसली होतीस."

मी हात जोडले. भर हॉलमध्ये, तोंडावर मोबाईल रोखलेले असताना, मी हात जोडून रडत होते. "चुकले गं. चुकले मी. ये ना."

आवाज आता माझ्याशी बोलत नव्हता. तो राणीशी बोलत होता. शाळेत हजेरी देतात तसा, खणखणीत.

त्याने माझं नाव सांगितलं. माझं, माझ्या बाबांचं, आडनाव. आणि वर, "जांभूळ."

राणीने माइक खाली घेतला. माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. माझं नाव मला कानाशी ऐकू आलं.

काळं दार उघडायला लागलं आणि मी पळाले. लोकांच्या पायांवर पाय देत, चपला तिथेच टाकून, भर उन्हात रस्त्यावर आले.

त्याच दिवशी घरी येऊन आईच्या पाया पडले. कारण सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, मला वीक.

आईला वाटलं, मला वेडच लागलंय. पण मी चार दिवस अन्न सोडल्यावर तिने बनूबाईला बोलावलं. विसाव्या वर्षी मी सुपात पाय ठेवून उभी राहिले. बनूबाईने मूठभर तांदूळ दिले. आळीतली पोरं खिडकीतून बघून हसत होती.

आता माझं नाव धोंडी आहे. आई, बाबा, बनूबाई, सगळे मला धोंडी म्हणतात. काकू काही म्हणत नाही, माझ्याकडे बघतही नाही.

आणि ती, त्या दारातून परत आलेली रुचिका, तीही धोंडी म्हणत नाही.

ती चार वाजता शाळेतून येते. दप्तर न काढता आमच्या दारात उभी राहते आणि मला हाक मारते. नुसतं ताई नाही. पूर्ण नाव. माझं, बाबांचं, आडनाव. आईला त्यात कौतुक वाटतं. म्हणते, बघ, किती स्पष्ट बोलायला लागली.

मी गोधडीचा बोळा तोंडात कोंबून बसते. ती हाक मारून दमत नाही. मी दमते.

काल मला जरा डोळा लागला होता. दाराशी हाक आली. बाहेर मशीनी चालाव्या तसा मिक्सरचा आवाज येत होता, तो मधेच थांबला. मी अजून झोपेतच होते...

आणि माझ्या तोंडून अर्धी 'ओ' निघून गेली.