फ्लॉवर कुरकुरीत होईपर्यंत

ओव्हनमधला ट्रे काढून ती गर्रकन वळली आणि दारातून येणाऱ्या माणसावर आदळता आदळता वाचली.

"अहो, जपून! मी ओव्हन दुरुस्त करायला आलोय, भाजून घ्यायला नाही."

एरवी ती हसली असती. आज मात्र तिचं सगळं लक्ष ट्रेमधल्या फ्लॉवरकडे होतं. कामाच्या पहिल्याच दिवशी तिने ट्रेभर फ्लॉवरचा कोळसा केला होता आणि तेव्हापासून रोज तो लिबलिबीत निघत होता. कॅफेच्या मालकीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "आज कुरकुरीत झाला नाही, तर उद्यापासून येऊ नकोस." घाबरून तिने सगळं खापर ओव्हनवर फोडलं होतं.

मेकॅनिकने ओव्हन आतून-बाहेरून तपासला. "आता नवा ट्रे लावा बघू. नेहमी लावता तसाच."

तिने फ्लॉवरचे तुरे तेल-मिठात घोळवले, सुटे सुटे पसरले, ओव्हनचं दार लावलं... आणि लगेच उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं.

"हे काय चाललंय?"

"करपला तर?"

"अहो, सगळी धग बाहेर जातेय! ओव्हनला काहीही झालेलं नाही—"

"हळू बोला!" तिचा चेहरा पांढराफटक पडला. "बाईंना सांगू नका... प्लीज."

तो ओव्हनसमोर हाताची घडी घालून उभा राहिला. "आता उघडून दाखवा."

"बाजूला व्हा ना!" वीस मिनिटांत तिने हे तिसऱ्यांदा म्हटलं.

"आधी सांगा, वास कसा येतोय?"

ती जवळ सरकली. छातीत धडधडत होतं... करपण्याच्या भीतीने, की तो इतका जवळ होता म्हणून, तिचं तिलाच कळेना.

"खरपूस," ती पुटपुटली.

"मग काढा."

कडा छान तांबूस झाल्या होत्या. तेवढ्यात मालकीणबाई आल्या आणि एक तुरा त्यांनी तोंडात टाकला. कुर्रकन आवाज आला.

"झाला एकदाचा! काय बिघडलं होतं रे?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. "ते... एक वायर जरा..." नोकरी जाण्याची भीती होतीच. पण तिच्यासाठी त्याने खोटं बोलावं, हे काही तिला बघवेना.

"ओव्हन ठीकच होता, बाई. मीच भीतीने सारखं दार उघडत होते."

बाईंनी ओव्हनचं दार एकदा उघडून लावलं. मग "उद्या वेळेवर ये," एवढंच म्हणाल्या आणि आणखी एक तुरा उचलून बाहेर गेल्या.

तो हत्यारं पिशवीत भरू लागला. बराच वेळ भरत राहिला.

"आता मला भीती वाटतेय..."

"तुम्हाला? कसली?"

"ओव्हन तर धडधाकट आहे. मग मी परत यायचं... कुठल्या निमित्ताने?"

तिने ट्रे त्याच्यापुढे धरला.

"मला आवडेल म्हणून या," ती म्हणाली. "चालेल?"