ईवरची कपार

पिसं उपटून उपटून मार्सलीची बोटं सुजली होती. ऑगस्ट लागला की बेटावर दुसरं काही नसायचं. पुरुष दोराला लटकून कड्यावरचे फुलमार पक्षी धरायचे, बायका ते सोलून मिठात घालायच्या आणि हिवाळाभर घर त्यावर जगायचं. यंदा पक्षी कमी होते, पण कामाला काही मरण नव्हतं.

शेवटच्या ढिगातला पक्षी तिनं मांडीवर घेतला. सकाळी मारलेला, तरी अजून ऊबदार होता. दुसराही तसाच.

“अहो, हे कुठले?”

टॉरमॉड बूट काढत होता. त्यानं बायकोकडे न बघता सांगितलं, “कड्यावरचे. अजून कुठले असणार?”

“ईवरच्या कपारीतले ना?”

ईवर तिचा धाकटा भाऊ. गेल्या उन्हाळ्यात त्या कपारीवरून पडला, तो हाती लागलाच नाही. माणूस जिथून पडतो तिथल्या पक्ष्यांना तीन वर्षं हात लावायचा नाही, ते त्याच्या घरचे झाले, अशी बेटाची रीत होती.

“रीत खाऊन हिवाळा निघतो का?” टॉरमॉड म्हणाला. तोही दमलेला होता.

“उद्या तिथं उतरू नका. माझी शपथ आहे.”

“बरं बाई.”

दुसऱ्या दिवशी तो तिथंच उतरला. हे कळताच मार्सली धापा टाकत कड्यावर पोचली तेव्हा टॉरमॉडचा जोडीदार लाखलन आणि आणखी दोघं दोर धरून उभे होते. एरवी पक्ष्यांच्या कलकलाटानं कान किटायचे. आज सगळे पक्षी गप्प बसून होते.

दोर सैल पडला.

“हलका लागतोय,” लाखलन हळूच म्हणाला.

मार्सली काठाशी वाकली. रडायलाही अंगात त्राण नव्हतं. “ईवर, त्यांना सोड रे,” ती पुटपुटली. “मला माझा माणूस वर दे.”

दोर ताणला. माणसाचंच वजन होतं.

वर आला तो टॉरमॉडच. तीच दाढी, तिनंच विणलेला स्वेटर. लाखलनच्या जिवात जीव आला. “सासुरवाडीत पाहुणचार घेत होतास काय रे?”

तो हसला नाही.

घरी तिनं त्याच्यापुढे गरम रस्सा ठेवला. त्यानं वाडग्याला हात लावला नाही. तिच्या सुजलेल्या बोटांकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला.

“ताई,” तो टॉरमॉडच्याच आवाजात म्हणाला, “किती थकलीस गं.”