चार बोटांची जागा

एक नळ डोळ्यांसमोर आणा. बाथरूममधला, बेसिनवरचा, लांब मानेचा, कधीकाळी चकचकीत असलेला. आता त्याच्या बुडाशी पांढरा थर साचलाय, तोंडाला पांढरी दाढी आलीय, आणि नखाने खरवडायला जावं तर नखच झिजतं. तुमच्याही घरात असा एखादा असेल. जमिनीखालून येणाऱ्या जड पाण्यात क्षार विरघळलेले असतात. पाणी वाळून जातं, क्षार मागे राहतात. रोज एक थेंब, रोज एक कण. असा थर एका दिवसात येत नाही आणि घाई केली म्हणून जातही नाही.

आता त्या नळासमोर नऊ वर्षांची एक मुलगी उभी आहे असं समजा. शेजारी मी, तिचा आजोबा. आम्ही तिला भिंगरी म्हणायचो, कारण ती एका जागी कधी टिकलीच नाही. त्या दिवसांत मात्र ती तासन्‌तास एकाच ठिकाणी उभी असायची, आणि ते ठिकाण म्हणजे ही बाथरूम.

सहा आठवड्यांपूर्वी तिची आई, म्हणजे माझी सून, इथेच गेली. घरी पाहुणे यायचे होते, म्हणून ती डाग काढायला लागली होती. "अप्पा, ॲसिडने निघतात ना हो?" असं तिने मला विचारलं, आणि पेपरातून मान वर न करता मी "हो" म्हणालो. नुसत्या ॲसिडने भागेना, तेव्हा तिने त्यावर ब्लीच ओतलं. दार बंद, खिडकी बंद. या दोन गोष्टी एकत्र आल्या की विषारी वायू तयार होतो. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवताना हे वाक्य मी शेकडो मुलांकडून घोकून घेतलं होतं. घरातल्या एकीला सांगायचं राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

माझ्या मुलाने ते घर सोडायचं ठरवलं. रविवारी सामानाचा टेम्पो येणार होता. भिंगरी एवढंच म्हणाली, "मी नाही येणार. आई इथे आहे." तिच्या बाबाने समजावलं, ओरडून पाहिलं, शेवटी तोच रडला. ती काही बधली नाही. उचलून नेता आली असती. पण उचलून आणलेलं मूल पूर्ण पोचत नाही, हे मी वर्गात फार वेळा पाहिलं होतं. तिने आपल्या पायांनी उंबरा ओलांडायला हवा होता.

मग मला जे येतं तेच मी केलं. गुरुवारी सकाळी तिला म्हणालो, "डाग काढायला शिकवतो. येतेस?" खुणा एकेक करून गेल्या की तिचंही मन तिथून सुटेल, असं मला वाटत होतं.

कृती सोपी आहे. व्हिनेगर कोमट करायचं, जुन्या बनियनचा तुकडा त्यात भिजवायचा, नळाला गुंडाळायचा, वरून रबर लावायचं. नुसतं व्हिनेगर, दुसरं काहीही नाही, आणि खिडकी सताड उघडी. मी कापड गुंडाळायला घेतलं तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"आजोबा, आधी हे बघा."

नळाच्या मानेवर थर सगळीकडे सारखा नव्हता. मधे चार आडवे पट्टे अगदी स्वच्छ होते. खालच्या अंगाला पाचवा, आखूड.

"जिथे हात सतत लागतो तिथे थर बसत नाही," मी समजावलं. "त्यात नवल काही नाही."

"आईचा हात आहे. करंगळी बघा ना."

कडेचा पट्टा तिरका होता. सुनेची डावी करंगळी लहानपणी दारात चेंगरून वाकडी झाली होती.

"असेल. रोज धरायची ना ती नळ," मी म्हणालो आणि कापड गुंडाळलं.

"आता काय करायचं?"

"थांबायचं."

"मग?"

"मग आणखी थांबायचं. निम्मं काम व्हिनेगर करतं, निम्मं धीर."

"आणि आपण काय करतो?"

"आपण शाबासकी घेतो."

ती किंचित हसली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. दीड तासाने कापड काढलं, दात घासायच्या जुन्या ब्रशने थर सोडवला, साध्या पाण्याने धुतलं, कोरडं पुसलं. नळ नव्यासारखा लखलखला. पट्टे गेले.

शुक्रवारी सकाळी नळ पुन्हा पांढरा होता. थर कालच्याहून जाड, आणि मधे पाच स्वच्छ जागा.

आत कुठेतरी पाणी झिरपत असणार. मी प्लंबरला बोलावलं. त्याने बाथरूमची लाइन बाहेरूनच बंद केली, नळ उघडून दाखवला, तळहाताने झटकून दाखवला.

"हाडासारखा कोरडा आहे, आजोबा. आता यातून थेंब जरी आला ना, तरी मी आडनाव बदलीन."

"काय आहे तुमचं आडनाव?" भिंगरीने विचारलं.

"आधी थेंब येऊ दे, मग सांगतो," तो म्हणाला आणि हसत हसत पाना पिशवीत टाकला. जाताना त्याची नजर नळावर गेली. तिथे तो थोडा रेंगाळला. मग न हसताच निघून गेला.

मी नळ पुन्हा साफ केला.

शनिवारी नळ स्वच्छ होता. एक ठिपकादेखील नव्हता. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग टॉवेलची दांडी पाहिली.

ही दांडी बेसिन आणि दार यांच्या मधल्या भिंतीवर आहे. तिथवर पाण्याचा शिंतोडासुद्धा जात नाही. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी झाली होती. मी व्हिनेगरचा थेंब टाकला. फसफसला. म्हणजे क्षारच. रंग नाही, पीठ नाही, खडूही वाटेना. थर दगडासारखा घट्ट होता. दांडीच्या दाराकडच्या टोकाला चार बोटांची आणि अंगठ्याची जागा मोकळी होती. कडेची तिरकी.

"भिंगरी, तू काही लावतेस का इथे? खरं सांग. मी रागावणार नाही."

वर्गातल्या ढ मुलाकडे हुशार मुलगी बघते तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्हीच म्हणालात ना, थर एका दिवसात येत नाही. मग मी कशी आणणार?"

मी दांडी साफ केली. एकट्यानेच. तिला बाहेरच्या खोलीत वह्या-पुस्तकं बांधायला बसवलं होतं. खिडकीतून ऊन आत येत होतं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. सगळं कसं नेहमीसारखं. व्हिनेगरच्या वासाने डोळे तेवढे चुरचुरत होते. दुपारी दोनला काम संपलं.

चारला मी पुन्हा जाऊन पाहिलं.

आता दाराची आतली मूठ पांढरी होती.

मी मुठीजवळ गेलो नाही. लांबूनच पाहिलं. पट्टे होते.

"आई बाहेर येतेय," मागून भिंगरी म्हणाली. शाळा सुटली, बस आली, असं सांगावं इतक्या सहज.

"बाहेर जा तू."

"आजोबा, तुम्ही तिला घाबरता का?"

खरं उत्तर होतं ते तिला देण्यासारखं नव्हतं. घाबरायला माझ्याकडे कारण होतं, आणि ते कारण माझ्या सुनेलाही ठाऊक होतं.

मूठ मी उभ्याउभ्या घासली. कापड गुंडाळून थांबण्याचा धीर उरला नव्हता. थर निघाला तसं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

रात्रीच्या जेवणाला भिंगरीने आपणहून ताट वाढून घेतलं. दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "बाबा, मी येते उद्या."

तिच्या बाबाच्या हातातला घास तसाच राहिला. मग त्याने तिला जवळ घेतलं. तिच्या डोक्यावरून त्याने माझ्याकडे पाहिलं. अप्पा, तुम्ही जिंकलात, अशी ती नजर होती. त्या रात्री मला झोपही लागली.

रविवारी सकाळी टेम्पो आला. सामान खाली नेऊन चढवलं. खोल्या रिकाम्या झाल्या तसे आवाज मोठे व्हायला लागले. शेवटी व्हिनेगरचं कापड हातात घेऊनच मी कडी काढली आणि बाथरूममध्ये डोकावलो. नळ लखलखीत, दांडी लखलखीत, मूठ लखलखीत. मागे काहीच राहिलं नव्हतं.

"भिंगरी, चल गं!" खालून तिच्या बाबाने हाक मारली.

ती रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी होती. उकाड्यातही तिने लांब बाह्यांचा सदरा घातला होता. डावी बाही कोपरापर्यंत वर केलेली होती आणि ती आपल्याच हाताकडे निरखून बघत होती.

मी जवळ गेलो.

कोपरापासून मनगटापर्यंत तिची कातडी पांढरी झाली होती. कोरडी, खरखरीत.

मनगटाच्या वर चार पट्टे तेवढे स्वच्छ होते. आतल्या बाजूला पाचवा.

"दुखत नाही," ती हळूच म्हणाली.

व्हिनेगरचं कापड अजून माझ्या हातातच होतं. मी ते पुढे केलं. तिने हात मागे घेतला, उद्धटपणे नाही, समजूत घातल्यासारखा. मग बाही खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं आणि दाराबाहेर पडली. पायऱ्या उतरताना ती उजव्या अंगाने भिंतीला अगदी चिकटून चालत होती, शेजारी एका माणसाची जागा सोडून.