दहावी गाठ

गगनबावड्याच्या खालच्या अंगाला, बॉक्साइटच्या खाणीचं पाणी जिथं ओढ्याला मिळतं, तिथं ज्ञानू एकटाच उतरला. दोन हजार तीन सालातली, भर दुपारची गोष्ट. पण धुकं असं, की स्वतःची पावलं दिसेनात. कॉलेजच्या विद्याश्री मॅडम वर जीपजवळ थांबल्या होत्या.

काम साधं होतं. खाणीनं गाळ बसवायला तळं बांधलं, त्यानं पाणी सुधारलं का, हे बघायला मॅडमनी ओढ्यात जाळीचा पिंजरा सोडला होता. आत बोटभर लांबीचे दहा मासे. सात दिवसांनी दहाही जिवंत निघाले, तर पाणी जिवाला सोसतंय असं त्या लिहिणार होत्या. त्या तळ्यासाठी खाणवाल्यांशी भांडला होता ज्ञानूचा थोरला भाऊ, जयसिंग. ओढ्यात मासे परत येणार, असं गावभर सांगत सुटला होता. आषाढात तो तापानं गेला. आज त्याचा शब्द खरा ठरायचा होता, नाहीतर खोटा.

ज्ञानू दुसरीत शाळा सोडलेला. मोजताना एखादा आकडा हमखास गिळायचा. म्हणून जयसिंगनंच युक्ती काढली होती: एक मासा बादलीत, की सुतळीला एक गाठ. वर चिडवायचा, पोरी बघितल्यागत गडबडतोस की लेका.

ज्ञानूनं पिंजरा काठावर ओढला. तांबड्या चिखलाचा वास आला. एकेक मासा बादलीत, एकेक गाठ. मग गाठींवर बोटं लावली.

एक बोट उरलं.

त्यानं गाठी पुन्हा चाचपल्या; नऊच. "दादा... हरलो रं."

धुक्यात शीळ वाजली. घाट चढताना जयसिंग घालायचा, तीच.

"दादा...?"

कुणी नव्हतं. पण हातातल्या सुतळीला हलकाच हिसका बसला. नवव्या गाठीपुढं दहावी होती. ओली, घट्ट, उलट्या पिळाची. जयसिंग डावरा होता.

ज्ञानूनं पिंजऱ्यातला वजनाचा दगड उचलला. खालून मासा टुणकन उडाला.

"मॅडम, धाही हायत की!"

मॅडम घसरत, चिखलानं माखत खाली आल्या. त्यांनी दोनदा मोजले आणि हसता हसता डोळे पुसले. मासे ओढ्यात सोडताना ज्ञानू कपड्यांसकट पाण्यात नाचला. घरी आई बयाबाईनं चहात दुप्पट साखर घातली. सुतळी जयसिंगच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगली.

नऊ गाठी त्याच रात्री वाळल्या. दहावीतून मात्र भर उन्हाळ्यातसुद्धा थेंब गळतो. आई खाली वाटी ठेवते. सकाळी ती काठोकाठ भरलेली असते, आणि पाणी नितळ असतं.